भावी आमदारांना कडक कायद्याविषयी सल्ला

प्रश्न : मी मूळचा सांगलीकडचा. गेली अनेक वर्षे फ्लोरिडात टॅम्पाजवळ राहतो. आधी एच-वन-बी व्हिसा, मग ग्रीन कार्डाची दीर्घ प्रतीक्षा आणि अखेर नागरिकत्व, अशा रीतसर मार्गाने मी या देशाचा झालो. येथील रिपब्लिकन पक्षाच्या स्थानिक मंडळींनी मला राज्याच्या प्रतिनिधीगृहाची निवडणूक लढवण्याचा आग्रह केला आहे. त्यांचे म्हणणे असे की माझ्यासारख्या नियमाने आलेल्या माणसाने बेकायदा स्थलांतरितांविरुद्ध आणखी कडक कायदा मागितला, तर त्या मागणीला वेगळेच वजन येईल. मला ते पटते, कारण आम्ही रांगेत उभे राहिलो आणि हे लोक रांग मोडून आले. पत्नीला मात्र हा विचार मुळीच मान्य नाही. माझे तीन प्रश्न आहेत. असा कायदा नेमका कसा असावा? मिल्टन चक्रीवादळानंतर ज्या कामगारांनी आमच्या घराचे छप्पर घातले त्यांचे कागद मी पाहिले नव्हते, हे प्रचारात बाहेर येईल का? आणि पत्नीची समजूत कशी काढावी?
— भावी आमदार, टॅम्पा

उत्तर :

स. न. वि. वि.

उमेदवारीच्या विचाराबद्दल आपले अभिनंदन. मराठी बोलणारा माणूस अमेरिकेतील राज्याच्या विधिमंडळात जाऊ शकतो, हे बेळगावकडच्या श्री ठाणेदारांनी मिशिगनमध्ये दाखवून दिले आणि तेथून ते वॉशिंग्टनलाही पोहोचले. त्यांची या विषयावरील मते आपल्या मंडळींना मानवणार नाहीत, तो भाग निराळा. आपल्या राज्याच्या प्रतिनिधीगृहात 120 जागा आहेत. उमेदवाराचे वय 21 पूर्ण असावे, राज्यात त्याचा दोन वर्षांचा रहिवास असावा आणि तो आपल्या मतदारसंघाचा रहिवासी व मतदार असावा, एवढे झाले की पुरते. आपला जन्म कोठे झाला हे उमेदवारी अर्ज घेणारा अधिकारी विचारणार नाही. ते काम आपण ज्या प्रकारचा कायदा आणू इच्छिता, त्याने रस्त्यावरच्या पोलिसांकडे सोपवलेले आहे.

आता पहिला प्रश्न. असा कायदा लिहायला बसताना प्रथम त्याचे नाव ठरवावे, कारण पुष्कळदा त्यातील सर्वांत विचारपूर्वक लिहिलेला भाग तोच असतो. जानेवारी 2025 मध्ये आपल्याच विधिमंडळाने एक विधेयक मंजूर केले आणि त्याचे लांबलचक शीर्षक असे बेतले की शब्दांची आद्याक्षरे जोडली असता नव्या राष्ट्राध्यक्षांचे आडनाव तयार व्हावे. गव्हर्नर रॉन डिसँटिस यांना ते विधेयक मिळमिळीत वाटले. त्यांचा मोठा आक्षेप असा होता की अंमलबजावणीचे अधिकार राज्याच्या कृषी आयुक्तांकडे जात होते, आणि ज्या धंद्याला असे मजूर सर्वाधिक लागतात त्याच धंद्याच्या प्रतिनिधीला मजुरांवर नजर ठेवायला सांगणे म्हणजे कोंबड्यांचे खुराडे कोल्ह्याच्या ताब्यात देणे होय, असे त्यांनी सांगितले. कृषी आयुक्त विल्टन सिम्पसन यांचा स्वतःचा व्यवसाय अंड्यांचा आहे, तेव्हा ही टीका त्यांना किती लागली असेल याची कल्पना करावी. पंधरवड्यात तडजोड झाली, गव्हर्नरांनी सही केली आणि फ्लोरिडात बेकायदा प्रवेश करणे हा राज्याचा गुन्हा ठरला. तो पंधरवडा मला फार बोधप्रद वाटतो, कारण मजूर, शेत, शाळा, दवाखाना यांपैकी कशावरूनही दोन्ही बाजूंचे बिनसलेले नव्हते. आपल्यापैकी अधिक कडक कोण, एवढाच मुद्दा होता.

नावानंतर पळवाट लिहावी, आणि त्यासाठी मात्र अनुभवी हात लागतो. 10 मे 2023 रोजी सही झालेल्या फ्लोरिडाच्या एस. बी. 1718 या कायद्याकडे नमुना म्हणून पाहावे. कामावर घेतलेल्या माणसाला अमेरिकेत काम करण्याचा हक्क आहे की नाही हे ई-व्हेरिफाय या सरकारी संगणक यंत्रणेतून तपासण्याची सक्ती त्यात आहे, पण ती 25 किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या मालकावर. चोवीस जणांचा मालक निर्धास्त झोपू शकतो. छपराची कामे करणाऱ्या टोळ्यांत किती माणसे असतात हे आपण अलीकडेच जवळून पाहिले आहे. त्याच कायद्याने मेडिकेड, म्हणजे गरिबांसाठीचा सरकारी आरोग्यविमा, घेणाऱ्या रुग्णालयांना असा आदेश दिला की दाखल होणाऱ्या रुग्णाला त्याच्या वास्तव्याच्या वैधतेविषयी विचारावे, आणि त्याच अर्जावर 'उत्तर देऊ इच्छित नाही' असा पर्यायही ठेवला. म्हणजे विचारणाऱ्याने विचारल्याचे समाधान मानावे, सांगणाऱ्याने न सांगितल्याचे, आणि आमदाराने दोन्हींचे.

तरीही पळवाटीच्या कलेत टेक्सासचा हात कोणी धरू शकणार नाही. 2011 मध्ये तेथील प्रतिनिधी डेबी रिडल यांनी एक विधेयक मांडले. कागदपत्रे नसलेल्या माणसाला जाणूनबुजून कामावर ठेवणाऱ्या मालकाला दोन वर्षांपर्यंत तुरुंगवास आणि दहा हजार डॉलरपर्यंत दंड व्हावा, अशी त्यात तरतूद होती. मालकाच्या मानेवर सुरी ठेवणारे विधेयक विरळाच, म्हणून मी ते आदराने वाचू लागलो, आणि मग अपवादाचे कलम आले : तो माणूस एकाच कुटुंबाच्या राहत्या घरी घरकामासाठी ठेवलेला असेल, तर हा गुन्हा होणार नाही. मोलकरीण, मुले सांभाळणारी बाई, हिरवळ कापणारा माळी ही सर्व मंडळी देशाच्या सीमेला धोका आहेत, पण आमच्या कुंपणाच्या आत ती आमची माणसे आहेत, असा तो विचार होता. विधेयक मंजूर झाले नाही. माझ्या मते ते दिवाणखान्यात टांगून ठेवण्याजोगे आहे, कारण इतर ठिकाणी जे गुळमुळीतपणे केले जाते ते या बाईंनी प्रामाणिकपणे लिहून दिले. याच टेक्सासने 2021 पासून सीमेवरच्या मोहिमेवर अकरा अब्ज डॉलरहून अधिक रक्कम ओतली, मात्र खासगी मालकांवर ई-व्हेरिफायची सक्ती करणारी विधेयके तेथे वर्षानुवर्षे अडकून पडली. सीमेवर काटेरी तार आणि हॉटेलच्या भटारखान्याचे मागचे दार उघडे, अशी ही रचना आहे.

आपल्याला मात्र सर्वांत अधिक उपयोगी पडेल तो हायलीआचा प्रसंग. एस. बी. 1718 वर सही होऊन महिनाही झाला नव्हता, तोच मजूर फ्लोरिडा सोडू लागल्याच्या बातम्या येऊ लागल्या. जून 2023 मध्ये मायामीला लागून असलेल्या हायलीआ येथे, जेथे बहुतेक घरांत स्पॅनिश बोलले जाते, स्थलांतरित आणि त्यांचे पाद्री जमले होते. तेथे या कायद्याच्या बाजूने मत देणारे तीन रिपब्लिकन प्रतिनिधी गेले आणि त्यांनी जमलेल्यांना घाबरू नका अशी विनवणी केली. त्यांच्यापैकी रिक रॉथ हे स्वतः शेतकरी. हा कायदा शंभर टक्के भीती घालण्यासाठीच आहे, असे त्यांनी भर सभेत सांगितले. शेतकरी संतापले आहेत, माणसे जॉर्जियाकडे निघाली आहेत, असेही सांगितले. आणि आपल्या लोकांना राज्य सोडू नका म्हणून समजवा, असे श्रोत्यांनाच विनवले. खायचे आणि दाखवायचे दात वेगळे असतात हे आपण लहानपणापासून ऐकतो, परंतु दाखवायचे दात काढून सभेत हातात धरून, 'हे चावत नाहीत हो' असे सांगणारा लोकप्रतिनिधी माझ्या वाचनात दुसरा नाही. आपण निवडून आलात आणि आपलाही कायदा संमत झाला, तर अशा एका सभेची तारीख आधीच राखून ठेवावी. भाषणासाठी थोडी स्पॅनिश शिकून घेणे इष्ट.

न्यायालयाची चिंता करण्याचे मात्र कारण नाही. असा कायदा न्यायालयात अडकणे हा अपघात समजू नये. तो कार्यक्रमाचाच भाग आहे. परदेशी नागरिकांचा प्रवेश आणि त्यांची हकालपट्टी हा विषय अमेरिकेत केंद्र सरकारचा असल्यामुळे राज्याचे असे कायदे पुनःपुन्हा न्यायाधीशापुढे जातात, आणि कायदा थांबला की आमदाराला दुहेरी लाभ होतो : कडकपणाचे श्रेय त्याचे राहते आणि परिणामांचा दोष न्यायाधीशाकडे जातो. ॲरिझोनाच्या गव्हर्नर जॅन ब्रूअर यांनी 23 एप्रिल 2010 रोजी एस. बी. 1070 वर सही केली. त्यानंतर वाळवंटात मुंडकी उडवलेली प्रेते सापडत असल्याचे त्या सांगत होत्या आणि पुढे आपण चुकीचे बोललो असे त्यांना मान्य करावे लागले. पण तोवर हवा तयार झालेली होती आणि त्या नोव्हेंबरात त्या निवडूनही आल्या. 25 जून 2012 रोजी सर्वोच्च न्यायालयाने वादातील चार कलमांपैकी तीन रद्द केली. उरलेले एक, म्हणजे पोलिसाने थांबवलेल्या माणसाचा संशय आल्यास त्याची वैधता तपासण्याचे, तेवढे राहिले. टेक्सासने डिसेंबर 2023 मध्ये केलेल्या एस. बी. 4 या कायद्याने तर राज्याच्या न्यायाधीशाला माणूस मेक्सिकोला परत पाठवण्याचा अधिकार दिला होता, आणि अशा रीतीने पाठवलेला माणूस आम्ही घेणार नाही, असे मेक्सिकोने स्पष्ट कळवले होते. पुढच्या मार्च महिन्यात हा कायदा वरिष्ठ न्यायालयांच्या उलटसुलट आदेशांमुळे काही तास लागू झाला आणि त्याच रात्री पुन्हा थांबला. त्या काही तासांसाठी किती पत्रकार परिषदा झाल्या असतील याचा हिशेब कोणी ठेवला आहे की नाही, कोण जाणे.

एक सावधगिरीची सूचना मात्र आपल्या हितासाठी करणे भाग आहे. सही करणारा तरतो, विधेयक मांडणाऱ्याचा नेम नसतो. एस. बी. 1070 चे जनक, राज्य सेनेटचे अध्यक्ष रसेल पिअर्स, यांना त्यांच्याच मेसा येथील मतदारांनी नोव्हेंबर 2011 मध्ये मुदतीआधी परत बोलावण्याची निवडणूक घेऊन घरी बसवले, आणि त्यांना हरवणारा उमेदवारही रिपब्लिकनच होता. अलाबामाच्या अशाच कायद्याचे प्रतिनिधीगृहातील पुरस्कर्ते मिकी हॅमन यांनी तर पुढे, 2017 मध्ये, न्यायालयात गुन्हा कबूल केला. अर्थात तो स्थलांतराचा नव्हता, निवडणूक निधी खासगी कामासाठी वापरल्याचा होता. कायद्याचे राज्य म्हणून मेज आपटणाऱ्या माणसाने आपले हिशेब नीट ठेवावेत, एवढेच यावरून मी सुचवीन.

अलाबामाचा विषय निघालाच आहे तर तेथे थोडे थांबू, कारण कडक कायदा खरोखर लागू झाला तर काय होते, याचा इतका चांगला प्रयोग दुसऱ्या राज्याने करून दाखवलेला नाही. 9 जून 2011 रोजी सही झालेल्या एच. बी. 56 मध्ये शाळांनी नव्याने दाखल होणाऱ्या मुलांच्या वास्तव्याची वैधता पाहावी असे कलम होते, कागद नसलेल्या माणसाशी केलेला करार अमान्य ठरवणारे कलम होते, आणि अशा माणसाने राज्याशी कोणताही व्यवहार करणे हा गंभीर गुन्हा ठरवणारे कलमही होते. राज्याशी व्यवहार म्हणजे काय, हे लिहिणाऱ्यांनी बारकाईने पाहिले नव्हते. गाडीच्या नंबरपट्टीचे नूतनीकरण हाही व्यवहारच, त्यामुळे पिढ्यान्पिढ्या अलाबामात राहिलेल्या लोकांना आपले नागरिकत्व सिद्ध करण्यासाठी रांगा लावाव्या लागल्या. एका लहान गावाच्या पाणीपुरवठा कार्यालयाने तर नळजोडणी चालू ठेवायची असेल तर राज्याचा परवाना किंवा ओळखपत्र दाखवावे, असा फलक लावला. पहिल्या आठवड्यात सुमारे दोन हजार हिस्पॅनिक मुले शाळेत आली नाहीत. पाठीमागे शेतात टोमॅटो वेलींवरच सडले. अलाबामा विद्यापीठाचे अर्थतज्ज्ञ सॅम अ‍ॅडी यांनी राज्याच्या उत्पन्नाला वर्षाला 2.3 ते 10.8 अब्ज डॉलरचा फटका बसू शकतो असा अंदाज मांडला.

मग नोव्हेंबरात टस्कलूसा येथे पोलिसांनी एक भाड्याची गाडी थांबवली. चालकाजवळ परवाना नव्हता, होते ते फक्त जर्मन ओळखपत्र, म्हणून नव्या कायद्याप्रमाणे त्याला अटक झाली. तो मर्सिडीजचा अधिकारी निघाला. कंपनीचा कारखाना जवळच आहे आणि तो आणण्यासाठी 1993 मध्ये अलाबामाने अडीचशे दशलक्ष डॉलरहून अधिक सवलती दिल्या होत्या. सहकाऱ्याने हॉटेलवरून पासपोर्ट आणि परवाना आणल्यावर त्याची सुटका झाली. काही आठवड्यांत होंडाच्या एका जपानी कर्मचाऱ्यावरही कारवाई झाली. मिसुरी राज्यातील एका वृत्तपत्राने लगेच मर्सिडीजला आपल्या राज्यात येण्याचे आमंत्रण दिले. या पोलिसांना मी दोष देत नाही. कायदा जसा लिहिला होता तसा त्यांनी निष्ठेने पाळला. तो कोणासाठी लिहिला आहे, हे त्यांना खासगीत कोणी सांगितले नव्हते. आपल्या विधेयकात अशी सूचना कोठे घालावी, याचा विचार आपण करावा, कारण ती कागदावर घालता येत नाही आणि न घातली तर कारखानदाराचा फोन येतो.

जॉर्जियाची गोष्ट त्या मानाने छोटी आहे. तेथेही 2011 मध्येच कडक कायदा झाला, मजूर निघून गेले, आणि राज्याच्याच पाहणीत शेतीतील सुमारे अकरा हजार जागा रिकाम्या आढळल्या. गव्हर्नर नेथन डील यांनी तोडगा काढला की शिक्षेनंतर देखरेखीखाली असलेल्या बेकार गुन्हेगारांना शेतावर पाठवावे. काकडीच्या एका शेतावर पहिल्या दोन दिवसांत आलेले असे सर्व जण दुपार सरण्याआधीच काम सोडून गेले. फ्लोरिडाने हा धडा घेतलेला दिसतो, कारण 2025 मध्ये आपल्या विधिमंडळात किशोरवयीन मुलांच्या कामाच्या तासांवरील बंधने सैल करणारे विधेयक आले आणि गव्हर्नरांनी पूर्वी मुले अशी कामे करतच होती, असा त्याला पाठिंबा दिला. विधेयक पुढे सरकले नाही. आपली मुले सोळा-सतरा वर्षांची असतील, तर जाहीरनाम्यात त्यांच्या सुट्टीचे वेळापत्रक जोडता येईल.

आणि देखावा विसरू नका. 14 सप्टेंबर 2022 रोजी फ्लोरिडाच्या करदात्यांच्या पैशाने सुमारे पन्नास व्हेनेझुएलन माणसे विमानाने मॅसॅच्युसेट्समधील मार्थाज व्हिनयार्ड या श्रीमंतांच्या बेटावर नेऊन सोडण्यात आली. निधी फ्लोरिडातून अनधिकृत लोकांना हलवण्यासाठी ठेवलेला होता आणि ही माणसे टेक्सासातील सॅन अँटोनियोहून उचललेली होती. ही विसंगती लक्षात आल्यावर विधिमंडळाने तातडीचे अधिवेशन घेऊन कायदाच बदलला, म्हणजे यापुढे देशात कोठूनही माणसे उचलता यावीत. जुलै 2025 मध्ये एव्हरग्लेड्सच्या दलदलीत तंबूंचे स्थानबद्धता केंद्र उघडले, त्याला मगरीचे नाव दिले, आणि आपल्या राज्य पक्षाने त्या नावाच्या टोप्या आणि टी-शर्ट विकायला काढले. निवडणूक निधीबाबत काळजी असेल, तर हा मार्ग मोकळा आहे.

दुसरा प्रश्न छपराचा. होय, ते बाहेर येईल, आणि आले तरी फारसे बिघडेल असे नाही. या क्षेत्रात ती जवळजवळ परंपरा आहे. 1994 मध्ये कॅलिफोर्नियात कागदपत्रे नसलेल्यांना शाळा आणि आरोग्यसेवा नाकारणारा 187 क्रमांकाचा प्रस्ताव मतदानाला होता. त्याला पाठिंबा देणारे सेनेटचे उमेदवार मायकेल हफिंग्टन यांच्या घरी मुले सांभाळायला कागद नसलेली बाई होती, हे मतदानाच्या जेमतेम काही दिवस आधी उघड झाले आणि ते थोडक्यात हरले. गव्हर्नर पीट विल्सन त्या प्रस्तावावर स्वार होऊन पुन्हा निवडून आले; त्यांच्या घरी पूर्वी अशीच मोलकरीण होती, हे पुढच्या वर्षी कळले, म्हणजे योग्य वेळी. प्रस्तावाला सुमारे 59 टक्के मते पडली, न्यायालयाने तो अडवला, आणि त्या प्रचाराने दुखावलेली मुले पुढे मतदार झाली. 2006 नंतर कॅलिफोर्नियात एकही रिपब्लिकन उमेदवार राज्यव्यापी निवडणूक जिंकलेला नाही. छपराची पावती तेवढी सांभाळा. विम्यासाठी लागेल.

तिसऱ्या प्रश्नावर मात्र मी आपल्या बाजूने उभा राहू शकत नाही. वहिनींची समजूत काढण्यासारखे त्यात काही नाही, उलट त्यांच्याशी आपण सविस्तर बोलावे असे मला वाटते. आपण रांगेचा उल्लेख केला आहे. आपल्यासाठी रांग होती, लांब होती, कारण एका देशात जन्मलेल्यांना वर्षभराच्या रोजगाराधारित ग्रीन कार्डांपैकी साधारण सात टक्क्यांहून अधिक मिळत नाहीत आणि अर्ज करणारे भारतीय पुष्कळ आहेत. ज्याने आपले छप्पर घातले त्याच्यासाठी रांगच नाही. अकुशल कामगारांसाठी संपूर्ण जगाला मिळून वर्षाला दहा हजारांच्या आत कायम व्हिसा आहेत, आणि तेही मालकाने खटपट केली तर. जी रांग लावलेलीच नाही ती मोडल्याचा आरोप त्याच्यावर करताना जीभ थोडी अडखळायला हवी. अलाबामातील टोमॅटो तोडणारा काय, आपला छपरवाला काय, त्यांना बोलावणारा मालक याच देशाचा नागरिक आहे आणि त्याचे नाव या कायद्यांत सहसा शेवटच्या पानावर, सौम्य शब्दांत येते.

शिवाय आपल्या सहकाऱ्यांच्या नजरेत आपण आणि तो यांच्यात जे अंतर आपल्याला दिसते, ते किती टिकाऊ आहे तेही पाहा. ऑक्टोबर 2025 मध्ये डिसँटिस यांनी राज्याच्या विद्यापीठांनी एच-वन-बीचा वापर थांबवावा असा आदेश देण्याचे जाहीर केले. ज्या व्हिसावर आपण आलात तोच हा व्हिसा, पूर्णपणे कायदेशीर. एप्रिल 2025 मध्ये जॉर्जियात जन्मलेला वीस वर्षांचा एक अमेरिकन नागरिक कामावर जाताना फ्लोरिडात पकडला गेला, बेकायदा प्रवेशाच्या त्याच नव्या गुन्ह्याखाली, जो गुन्हा लावण्यास संघीय न्यायाधीशांनी आधीच मनाई केलेली होती. त्याच्या आईने न्यायालयात जन्माचा दाखला आणला, न्यायाधीशांनी तो पाहिला, खरा असल्याचे मान्य केले, आणि केंद्राच्या यंत्रणेने ताबा मागितल्यामुळे आपल्याला त्याला सोडण्याचा अधिकार नाही, असे सांगितले. त्याच दिवशी संध्याकाळी तो सुटला. चोर सोडून संन्याशाला फाशी देण्यात निदान चोर कोण हे ठाऊक असते. येथे केवळ चेहरा पाहून काम चालले होते. आपला चेहरा कसा आहे, हे मी पत्रावरून सांगू शकत नाही, पण सांगलीचा आहे एवढे आपणच कळवले आहे. फेब्रुवारी 2025 मध्ये अमृतसरला उतरलेल्या लष्करी विमानात बेड्या घातलेल्या 104 भारतीयांमध्ये महाराष्ट्रातील तिघे होते. त्यांच्याजवळ कागद नव्हते, आपल्याजवळ आहेत, हे खरे; रस्त्यावर थांबवणाऱ्या पोलिसाला हा फरक कळेपर्यंत मधे काही तास जातात, आणि ते तास कोणी कोठे काढायचे हे अशा कायद्यात लिहिलेले असते.

महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला बाहेरच्यांवरची भाषणे नवीन नाहीत. व्यासपीठासमोर बसून ती ऐकताना आपण कोणत्या बाजूचे आहोत हे तेव्हा विचारावे लागत नव्हते, म्हणून कदाचित आपल्या पक्षाच्या मंडळींचा प्रस्ताव आपल्याला इतका सोपा वाटला असावा. त्यांना आपली गरज नेमकी कशासाठी आहे, हे आपण आपल्या पत्रात स्वतःच लिहिले आहे. वहिनींनी ते वाक्य आपल्याआधी वाचले, एवढाच माझा तर्क आहे.

तरीही निवडणूक लढवायचीच असेल, तर पुढच्या बैठकीत एक प्रस्ताव मांडून पाहावा. ई-व्हेरिफायची पंचवीसची मर्यादा एकावर आणावी. शेती, बांधकाम, हॉटेल आणि घरकाम यांपैकी कोणालाही सूट नसावी. रोखीने मजुरी देणाऱ्यालाही तो नियम लागू व्हावा. आणि मजुराला हात लावण्याआधी त्याला कामावर ठेवणाऱ्याचा परवाना रद्द व्हावा, असे विधेयक आपण मांडणार आहात, असे शांतपणे सांगावे. खुर्चीवर बसलेल्यांमध्ये कोणाची संत्र्याची बाग आहे, कोणाची बांधकाम कंपनी आहे आणि कोणाच्या घरी पाठीमागे हिरवळ आहे, हे आपल्याला दहा मिनिटांत कळेल. त्यानंतरही त्यांनी आपल्या उमेदवारीचा आग्रह धरला आणि देणगीचे धनादेश आले, तर मला जरूर कळवावे; ते पत्र मी याच सदरात छापीन.